पाहुण्यांचं वायफाय: बेकायदा मजकूर अडवायचा, पण पाळत ठेवायची नाही

कासचा हंगाम सुरू झाला की साताऱ्यातल्या लॉजवर फोन करणारा माणूस गरम पाण्याच्या आधी वायफायचं विचारतो. महाबळेश्वर-पाचगणीला तर आठवडाभर राहून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करणारी मंडळी येतात, त्यांना खोलीइतकंच नेट महत्त्वाचं असतं. मग आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काय होतं? केबलवाल्याकडून एक कनेक्शन घ्यायचं, राउटर काउंटरमागे ठेवायचा आणि पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचा. त्याच राउटरवर बिलिंगचा कॉम्प्युटर आणि त्यावरच सीसीटीव्ही.

अडचण अशी, की कनेक्शन तुमच्या नावावर आहे. त्यावरून कुणी लहान मुलांवरच्या अत्याचाराचे व्हिडिओ उतरवले, कुणाला धमकीचा मेल धाडला किंवा कुणाचं खातं रिकामं केलं, तर तपासात पहिला पत्ता निघतो तो लॉजचा. हीच भीती दाखवून काही विक्रेते दारात येतात. "साहेब, कुठल्या रूममध्ये कोण काय बघतंय ते सगळं स्क्रीनवर दिसेल," म्हणतात. ते यंत्रही घेऊ नका. आपण हॉटेलच्या रजिस्टरात कोण आलं, कधी आलं, कधी गेलं एवढं लिहितो. खोलीत काय बोलणं झालं ते लिहीत नाही. वायफायचंही तेवढंच ठेवायचं. आमच्या लॉजवर आणि नंतर ओळखीच्या काही हॉटेलांत ही व्यवस्था मी बसवली आहे, ती जशी बसवली त्याच क्रमाने सांगतो.

१. काय अडवायचं ते आधी ठरवा

सगळं एकाच मापाने अडवायला गेलात तर पाहुणे वैतागतील आणि खरं काम राहून जाईल.

लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर हा पहिला प्रकार. त्यात तडजोड नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली असा मजकूर पाहणं, शोधणं, उतरवणं, पुढे पाठवणं सगळंच गुन्हा आहे. पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पोक्सो कायद्याचं कलम २० तर हॉटेल आणि लॉज यांचं नाव घेऊनच सांगतं, की असा मजकूर आढळला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे कलम आपल्या धंद्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. मॅनेजरला ते वाचून दाखवा.

दुसरा प्रकार व्हायरस पसरवणाऱ्या आणि बँकेची नक्कल करणाऱ्या साइट्सचा. त्या अडवल्याने पाहुण्याचंच भलं होतं. तिसरा टॉरेंटवरून चोरीचे सिनेमे उतरवण्याचा; त्यात कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय एक माणूस सगळ्या लॉजचं नेट खाऊन टाकतो.

प्रौढांसाठीच्या इतर साइट्स हा मालकाच्या धोरणाचा विषय. आमच्याकडे कुटुंबं येतात, शाळांच्या सहली येतात, म्हणून आम्ही त्या सगळीकडे बंद ठेवल्या आहेत. तुम्ही फक्त लॉबी आणि जेवणाच्या हॉलपुरत्या बंद ठेवल्या तरी चालेल. निर्णय कोणताही घ्या, तो सूचनेत लिहून ठेवा.

२. कागदपत्रं आणि सामान

- हॉटेलच्या नावावरचं व्यावसायिक कनेक्शन. घरगुती प्लॅन स्वस्त पडतो, पण त्याच्या अटींत असा वापर सहसा बसत नाही. अटी वाचा.
- जमलं तर स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता. नसेल तर एकच सार्वजनिक पत्ता नेट कंपनीच्या अनेक ग्राहकांत वाटलेला असू शकतो आणि चौकशीच्या वेळी गुंता वाढतो.
- हॉटस्पॉट लॉगिन आणि व्हीलॅन (एकाच राउटरवर वेगवेगळी जाळी काढणं) जमणारा राउटर. मायक्रोटिकचे छोटे राउटर किंवा टीपी-लिंकची ओमाडा मालिका आपल्याकडे सहज मिळते. केबलवाला फुकट देतो त्या डब्यात हे बहुधा नसतं.
- मजल्यागणिक ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारा डबा), आणि राउटरसाठी छोटा यूपीएस.
- ओटीपी पाठवणारी सेवा.
- हॉटेलचे नोंदणी कागद, जीएसटी असेल तर तो क्रमांक, मालकाचं ओळखपत्र. कनेक्शन आणि एसएमएस, दोन्हीकडे हे लागतं.
- ही यंत्रणा बसवणाऱ्याशी लेखी करार. नोंदी कुणाच्या ताब्यात राहतील आणि तो दुरून आत शिरू शकतो का, हे त्यात आलंच पाहिजे.

ओटीपीपाशी बरेच जण अडकतात. आपल्या देशात कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर डीएलटी नोंदणी (व्यावसायिक एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांकडची नोंदणी) लागते: आधी संस्थेची, मग पाठवणाऱ्याच्या नावाची, मग मेसेजच्या मजकुराच्या साच्याची. साच्यातला एक शब्द बदलला तरी मेसेज पोचत नाही. दहा-वीस खोल्यांच्या लॉजने हा खटाटोप स्वतः करू नये. ज्याच्याकडे ही नोंदणी आधीपासून आहे अशा हॉटस्पॉट सेवेकडून ओटीपी घ्यावा. दुसरा मार्ग पीएम-वाणीचा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या या योजनेत छोटा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो, आणि लॉगिनची व हिशेबाची बाजू वरची कंपनी सांभाळते.

३. पाहुण्यांचं जाळं वेगळं काढा

राउटरमध्ये दोन व्हीलॅन करा, एक कामकाजाचा आणि एक पाहुण्यांचा. बिलिंग, सीसीटीव्ही, प्रिंटर, कार्ड मशीन हे सगळं पहिल्यात. ॲक्सेस पॉइंटच्या मेनूत 'क्लायंट आयसोलेशन' किंवा 'गेस्ट नेटवर्क' असा पर्याय असतो, तो चालू करा म्हणजे एका खोलीतला लॅपटॉप शेजारच्या खोलीतल्या फोनपर्यंत पोचत नाही.

मग स्वतः तपासा. पाहुण्यांच्या वायफायला फोन जोडा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा व सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) पत्ता टाका. दोन्हीपैकी काही उघडलं तर काम अर्धवट आहे. डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असेल तर आजच बदला. पाहुण्याच्या खासगीपणाला सगळ्यात मोठा धोका पुष्कळदा तिथेच असतो.

४. लॉगिन: मोबाइल नंबर आणि ओटीपी, त्यापलीकडे काही मागू नका

दूरसंचार विभागाची फेब्रुवारी २००९ ची सूचना आहे. सार्वजनिक ठिकाणी वायफाय देताना वापरणाऱ्याची ओळख पटवावी. एक तर ओळखपत्राची प्रत ठेवून, नाही तर मोबाइलवर एसएमएसने पासवर्ड पाठवून. आणि ती नोंद वर्षभर ठेवावी. सूचना नेट कंपन्यांना उद्देशून आहे, पण त्यांच्या कराराच्या अटींतून ती आपल्यापर्यंत येते. दोन पर्यायांपैकी दुसरा घ्या. वायफायसाठी आधारच्या झेरॉक्सचा ढीग साठवणं म्हणजे चोरीला आमंत्रण. चेक-इनला ओळखपत्र बघणं वेगळं. तिथेही पाहुण्याने मास्क्ड आधार दाखवलं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, तर ते चालवून घ्या.

लॉगिनच्या पानावर ईमेल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस असले रकाने विक्रेते हौसेने टाकून देतात. काढायला सांगा. जो नंबर लॉगिनसाठी घेतला त्यावर दिवाळी ऑफरचे मेसेज पाठवायचे नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्रच हे आहे, की ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरायची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, तोवर घर आवरून ठेवा. माहितीची सुरक्षा राखली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

परदेशी पाहुण्यांकडे भारतीय सिम नसतं, त्यांना ओटीपी येत नाही. त्यांच्यासाठी काउंटरवरून कूपन द्या आणि ते खोलीच्या नंबरशी जोडा. त्यांचा पासपोर्ट आणि फॉर्म सी (परदेशी पाहुण्याची सरकारला द्यायची माहिती) तुमच्याकडे चेक-इनलाच होतो, पुन्हा वायफायसाठी वेगळी प्रत नको. म्हाताऱ्या माणसांनाही कूपनच सोपं पडतं.

फोनचा मॅक पत्ता (त्याच्या वायफायचा यंत्रक्रमांक) म्हणजे ओळख, असं अजून पुष्कळ तंत्रज्ञ सांगतात. आता तसं राहिलेलं नाही. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही गेली काही वर्षं प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतात. म्हणून त्या काळात तो पत्ता कोणत्या नंबरच्या लॉगिनने जोडला होता, ही नोंद महत्त्वाची.

५. गाळणी डीएनएसवर लावा

साइट उघडताना फोन आधी डीएनएसला विचारतो, या नावाचा पत्ता काय? तिथेच उत्तर नाकारलं की पान उघडत नाही. या पद्धतीत साइटचं नाव तेवढं तपासलं जातं. पाहुण्याने काय लिहिलं, कोणता फोटो पाहिला, खात्यात किती पैसे आहेत, यातलं काही आपल्या हाती येत नाही. म्हणून गाळणीची जागा हीच.

राउटरमध्ये पाहुण्यांच्या व्हीलॅनला डीएनएस म्हणून यातला एक पर्याय द्या. क्लाउडफ्लेअरचे १.१.१.२ आणि १.०.०.२ हे पत्ते घातक साइट्स अडवतात, १.१.१.३ आणि १.०.०.३ हे त्यासोबत प्रौढ मजकूरही अडवतात. क्वाड नाइनचा ९.९.९.९ फक्त घातक साइट्ससाठी. क्लीनब्राउझिंगचा १८५.२२८.१६८.१६८ हा सगळ्यात कडक आहे, तो व्हीपीएनच्या (आतला मजकूर झाकून नेणाऱ्या जोडणीच्या) साइट्सही अडवतो, त्यामुळे कामासाठी आलेल्या पाहुण्यांचा खोळंबा होतो. या सेवा फुकट आहेत. पैसे देऊन घेतलेली सेवा असेल तर विक्रेत्याला थेट विचारा, की ब्रिटनमधल्या इंटरनेट वॉच फाउंडेशनची यादी तुम्ही वापरता का. बालशोषणाच्या पानांची ती यादी सदस्यांनाच मिळते, आणि 'हो' म्हणणाऱ्याची सेवा जास्त कामाची.

नुसते आकडे भरून भागत नाही. गाळणी बाजूने गळते ती इथून:

पाहुण्याने फोनमध्ये स्वतःचा डीएनएस टाकलेला असतो. त्यासाठी पोर्ट ५३ वरची, म्हणजे डीएनएसच्या नेहमीच्या वाटेवरची, सगळी विचारणा आपल्या राउटरकडे वळवण्याचा नियम लिहा. मायक्रोटिकमध्ये तो एनएटीच्या (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्याशी जोडण्याच्या) यादीत जातो.

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, ही दुसरी गळती. नेट कंपनी हल्ली आयपीव्ही६ ही देते, आणि फोन त्या वाटेने कंपनीच्याच डीएनएसला विचारतो. तुम्ही इकडे १.१.१.३ टाकून निश्चिंत, आणि तिकडे सगळं उघडं. त्यालाही गाळणीचे आयपीव्ही६ पत्ते द्या, किंवा जमत नसेल तर पाहुण्यांच्या जाळ्यावर आयपीव्ही६ बंद ठेवा.

मग येतो सांकेतिक डीएनएस, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशी विचारणा. अँड्रॉइडचा 'प्रायव्हेट डीएनएस' पोर्ट ८५३ वापरतो. ते बंद केलं की 'ऑटोमॅटिक'वर असलेले फोन साध्या डीएनएसवर येतात. ज्यांनी हाताने नाव घातलंय त्यांचं नेट मात्र चालणार नाही, अशांना काउंटरवर सांगावं लागतं. फायरफॉक्स स्वतःहून सांकेतिक वाट धरण्याआधी 'यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट' या नावाची चौकशी करतो. राउटरने 'असं नाव नाही' म्हटलं की तो आपल्या डीएनएसवर राहतो. ॲपलचा प्रायव्हेट रिले (ब्राउझिंग झाकून नेणारी सोय) 'मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम' आणि 'मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम' या नावांना तसंच उत्तर दिलं की थांबतो आणि फोनवर पाहुण्याला तशी सूचना येते. गुपचूप काही होत नाही, हे मला पटतं.

व्हीपीएन बंद करू नका. पुण्या-मुंबईचा पाहुणा व्हीपीएनशिवाय ऑफिसच्या कामाला बसूच शकत नाही. ज्याला ठरवून गुन्हाच करायचा आहे तो व्हीपीएनने गाळणी चुकवेल, हे खरं. गाळणी चुकून, सहज किंवा मुलांच्या हातून होणाऱ्या गोष्टींसाठी आहे; ठरवून करणाऱ्यासाठी पुढच्या पायरीतली नोंद आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा सापळा. विक्रेता म्हणेल, एसएसएल इन्स्पेक्शन चालू करू, म्हणजे आतला मजकूरही तपासता येईल. त्यासाठी पाहुण्याच्या फोनमध्ये आपलं प्रमाणपत्र टाकावं लागतं आणि मग त्याचं बँकेचं, डॉक्टरचं, घरचं सगळं बोलणं आपल्या यंत्रातून उघडं होऊन जातं. कंपनीने स्वतःच्या लॅपटॉपवर हे करणं वेगळं. पाहुण्याच्या फोनवर हे करायचा आपल्याला काहीएक अधिकार नाही. खासगीपणा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं आहे.

तपासणी कशी करायची? चुकूनही खरा बेकायदा मजकूर शोधून बघू नका, तो शोधणंच गुन्हा आहे. क्लाउडफ्लेअरने चाचणीसाठी पत्ते ठेवले आहेत: 'मालवेअर डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम' आणि 'न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम'. १.१.१.३ लावलेलं असताना दोन्ही उघडता कामा नयेत. एक अँड्रॉइड, एक आयफोन आणि एक लॅपटॉप, तिन्हींवर बघा.

कधी चांगली साइटही अडते. स्तनाच्या कर्करोगाची माहिती देणारं एखादं पान, समुपदेशनाची एखादी साइट. पाहुणा येऊन सांगेल तेव्हा कारण न विचारता पत्ता घ्या, तपासा आणि सुटीच्या यादीत टाका. फुकटच्या डीएनएस सेवेत अशी यादी नसते, पण त्या एका नावापुरती विचारणा साध्या डीएनएसकडे पाठवायची सोय राउटरमध्ये करता येते.

६. नोंद: कोण आणि कधी, एवढीच

आमच्याकडची एक ओळ साधारण अशी दिसते:

तारीख, २२.४२.१० ते २३.५८.०३, मोबाइल नंबर, खोली २०४, आतला पत्ता १०.५.०.३७, मॅक पत्ता.

याच्या जोडीला एनएटीची नोंद असते: कोणत्या क्षणी आतला कोणता पत्ता बाहेर कोणत्या पोर्टने गेला. पोलिसांकडे बाहेरचा पत्ता, पोर्ट आणि वेळ असते. या दोन नोंदी जोडल्या की नंबर निघतो. कोणत्या साइट्स पाहिल्या याची यादी लागत नाही. म्हणून राउटरमधला डीएनएसचा लॉग बंद ठेवा. एनएटीच्या नोंदीत समोरच्या सर्व्हरचा पत्ता येत असेल तर ती फाइल उगाच उघडून वाचायची नाही.

वेळ बरोबर नसेल तर हे सगळं फुकट. पावसाळ्यात कासच्या रस्त्याला आणि महाबळेश्वरला लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. अनेक छोट्या राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज परत आली की ते १९७० सालची तारीख दाखवत सुरू होतात. त्या रात्रीची नोंद मग निरपराध पाहुण्यावर बोट दाखवू शकते. राउटरमध्ये एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवण्याची सोय) चालू करा आणि 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन' किंवा 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी' हे सर्व्हर द्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशातही एनआयसी आणि एनपीएल या सरकारी संस्थांच्याच वेळेशी घड्याळ जुळवायला सांगितलं आहे. त्याच आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला आणि सायबर घटना ६ तासांत कळवायला सांगितलं आहे. दूरसंचार विभागाचं एक वर्ष धरा, म्हणजे दोन्ही भागतं.

वर्ष उलटलं की नोंद आपोआप पुसली गेली पाहिजे. फाइल पासवर्डखाली, आणि तो मालक व मॅनेजर या दोघांकडेच. नोंदीचा स्क्रीनशॉट स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकायचा नाही. '२०४ वाले रात्री दोनपर्यंत जागे होते' एवढी कुजबुजसुद्धा पाहुण्याचा विश्वासघात आहे, हे पोरांना पहिल्या दिवशी सांगा.

७. सूचना लावा

लॉगिनच्या पानावर आणि काउंटरवर, मराठी, हिंदी, इंग्रजीत. आमचा मजकूर हा आहे, हवा तर उचला:

"या वायफायवर घातक, प्रौढांसाठीच्या आणि बेकायदा साइट्स अडवल्या जातात. लॉगिनसाठी तुमचा मोबाइल नंबर, जोडणीची वेळ आणि उपकरणाची तांत्रिक माहिती आम्ही एक वर्ष ठेवतो व नंतर पुसतो. तुम्ही काय पाहता, लिहिता किंवा पाठवता ते आम्ही वाचत नाही. कायदेशीर लेखी मागणीशिवाय ही माहिती कुणालाही दिली जात नाही. चुकून चांगली साइट अडली असेल तर काउंटरवर सांगा."

८. पोलीस आले, किंवा काही आढळलं तर

चौकशीला सहकार्य करायचंच, पण कागदावर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस लेखी मागणी करू शकतात. तीत तारीख, वेळ, पत्ता असतो. तेवढ्याच वेळेची नोंद काढून द्या, अख्ख्या महिन्याची फाइल पेन ड्राइव्हवर देऊ नका. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. पोच घ्या आणि त्या नोंदीचं आपोआप पुसणं थांबवा. कुणी तोंडी येऊन 'अमक्या खोलीतला माणूस काय बघतो ते सांगा' म्हणालं तर नम्रपणे लेखी मागा. पाहुण्याचा नातेवाईक किंवा ओळखीचा पुढारी असेल तर त्याला लेखी देऊनही काही मिळायला नको.

साफसफाईला गेलेल्या पोराला कुणाच्या उघड्या स्क्रीनवर लहान मुलांचा तसला मजकूर दिसला, तर त्याने फोटो काढायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही, उपकरणाला हात लावायचा नाही. पुरावा म्हणून काढलेला फोटोही बेकायदा मजकूरच ठरू शकतो. त्याने थेट मॅनेजरला सांगायचं आणि मॅनेजरने जवळच्या ठाण्याला. मूल प्रत्यक्ष धोक्यात वाटलं तर ११२ किंवा मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८. ऑनलाइन तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर करता येते, आणि महिला व मुलांसंबंधीच्या तक्रारीत तिथे नाव न देण्याचीही सोय आहे. १९३० हा नंबर पैशाच्या फसवणुकीसाठी. पाहुण्याचे पैसे गेले तर तो लगेच लावून द्या.

९. दर महिन्याला एकदा

चाचणीचे दोन पत्ते उघडून बघा, राउटरची तारीख-वेळ बघा, अपडेट आलं असेल तर रात्री टाका. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. हंगामापुरतं मनुष्यबळ घेता तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा. आणि जुना राउटर किंवा डीव्हीआर भंगारात देण्याआधी रीसेट करा, डीव्हीआरची हार्ड डिस्क काढून घ्या; गेल्या हंगामातल्या पाहुण्यांचे नंबर आणि चेहरे त्यात असतात.